झाडू नावाची स्क्रिप्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज ज्यांच्याबरोबर डबा खातो त्या ऑफिसातल्या लोकांनाही नाही. एकदा दोघांसमोर बोललो होतो, पण ते बोलणं सांगण्यात धरता येत नाही. का, ते पुढं कळेलच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर ओळखीचा माणूस बसला की तो मध्येच म्हणतो, जाऊ दे रे, होतं असं कधीकधी. मला ते ऐकायचं नाही.

आधी एक स्पष्ट करतो. मी माझ्या कामात चांगला आहे. आजही आहे, तेव्हाही होतो. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण कच्चा माणूस चुकतो तेव्हा घाबरलेला असतो आणि लपवतो तेही घाबरूनच. माझं तसं नव्हतं. माझा हात थरथरला नाही, आवाज चाचरला नाही. म्हणूनच तर सांगायला इतकी वर्षं लागली — नाही का?

मी मूळचा चकलांब्याचा. अंबाजोगाईला शिकायला आलो, शिकलो आणि ज्या संस्थेच्या कॉलेजात शिकलो तिथंच कॉम्प्युटरच्या कामाला लागलो. संस्थेची कॉलेजं दोन-तीन, शाळा बऱ्याच. एक दिंद्रुडकडे, एक गेवराईच्या बाजूला. अध्यक्षांच्या मनात आलं की आपल्या प्रत्येक शिक्षकाचा मेलचा पत्ता आपल्या संस्थेच्या नावाचा पाहिजे. मग प्रयोगशाळेच्या बाजूच्या खोलीत मेलचा सर्व्हर बसला, खोलीला एसी बसला आणि खोलीत मी बसलो.

सुरुवातीला काम लई कंटाळवाणं होतं. आमच्याकडं तासिका तत्त्वावरचे शिक्षक दरवर्षी येतात, उन्हाळ्यात जातात, पावसाळ्यात त्यातलेच काही परत येतात. प्रत्येकाचा मेलबॉक्स उघडायचा, पासवर्ड द्यायचा, गेला की बंद करायचा. हे सगळं एका वेबपानावर — इथं क्लिक करा, तिथं क्लिक करा, थांबा, पुन्हा क्लिक करा. एका माणसाचं काम होईपर्यंत चहा गार व्हायचा. मी ते सोडून दिलं. काळ्या स्क्रीनवर थेट कमांड लिहायला लागलो. मग रोजच्या कमांडी एकत्र बांधून छोट्या छोट्या स्क्रिप्ट केल्या आणि त्यांना आपली मराठी नावं दिली. ‘उघड’ लिहून पुढं माणसाचं नाव टाकलं की नवा मेलबॉक्स तयार. ‘कुलूप’ लिहिलं की पासवर्ड बदलला. आणि ‘झाडू’ लिहून नाव टाकलं की गेलेल्या माणसाच्या टपालाचा फोल्डर साफ, डिस्कवरची जागा मोकळी.

लोक बघायला यायचे. प्राचार्य स्वतः खुर्ची ओढून बसले होते एकदा. मी एक ओळ मारली, एंटर दाबलं, झालं. ते म्हणाले, “बालाजी, एवढंच?” मी म्हणालो, “एवढंच सर.” त्या दोन शब्दांत काय सुख होतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. ज्याला जे येतं ते त्यानं लोकांसमोर सहज करून दाखवावं, याच्यासारखी नशा दुसरी नाही.

आता झाडूबद्दल थोडं बारकाईनं सांगावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे.

तासिकेवरचे लोक पुन्हापुन्हा येत असल्यानं एकाच माणसाचे दोन-तीन फोल्डर साचायचे. सुनील नावाचा कुणी असला तर एक ‘सुनील’, एक ‘सुनील जुना’, एक ‘सुनील दोन’. प्रत्येक वेगळा पुसत कोण बसणार? म्हणून मी झाडूमध्ये नावाच्या शेवटी एक स्टार लावला. कीबोर्डवर आठाच्या डोक्यावर असतो तो. त्याचा अर्थ एवढाच — या नावानं सुरू होणारं जे जे असेल ते सगळं घे. एका फटक्यात तिन्ही साफ.

अगदी पहिल्यांदा लिहिली तेव्हा झाडू आधी विचारायची. काय काय पुसणार ते दाखवायची आणि विचारायची, पुसू का? मग मी होय लिहायचो. काही दिवसांनी मला त्या प्रश्नाचा वैताग आला. दरवेळी होयच लिहायचं तर विचारायचं कशाला? मी तो प्रश्न काढून टाकला. माझ्याच हातानं, दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत. स्क्रिप्ट दोन ओळींनी लहान झाली आणि मला ती जास्त सुंदर वाटली.

आशालता मॅडमबद्दल आता सांगतो. टाळत होतो, कळलं असेल तुम्हाला.

मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. मी पहिल्या वर्षाला असताना त्यांनी मला शिकवलं. म्हणून त्या मला अरे-तुरे करायच्या आणि मी त्यांच्यासमोर खुर्चीवर नीट बसायचो. त्यांचा विषय गवत. लोक हसायचे. माणूस झाडं शिकतो, पिकं शिकतो, गवत काय शिकायचं? पण त्यांच्याबरोबर बालाघाटच्या माळावर एकदा जो फिरला, तो पुन्हा गवतावरून बिनधास्त चालला नाही. हा पवन्या, ही मारवेल, ही कुसळी — जनावर कोणतं आधी खातं, कोणतं तोंडात धरून टाकून देतं. एकाच गवताला धारूरकडे एक नाव, आष्टीकडे दुसरं, गोदाकाठी तिसरं. ही सगळी नावं एका पुस्तकात आणायची, हे त्यांचं काम. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांनीच अंगावर घेतलेलं.

ते काम चालायचं मेलवर. त्यांचे जुने विद्यार्थी गावागावांतून फोटो पाठवायचे. मॅडम, आमच्या बांधावर हे आहे, आमची आजी याला असं म्हणते. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरंसुद्धा. तिकडं कारखान्याच्या पट्ट्यात बांधावर काही वेगळं दिसलं की फोटो काढून विचारायची, मॅडम, हे आपल्याकडचंच हाय का? आणि मॅडम प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. दोन ओळींचं नाही — चांगलं सविस्तर, घरचं विचारून. फोटो, नावं, गावं, पुस्तकाची लिहून झालेली प्रकरणं — सगळं त्या मेलबॉक्समध्ये. स्वतःच स्वतःला मेल करून ठेवायच्या. मी एकदा म्हणालो होतो, मॅडम, हे दुसरीकडं पण उतरवून ठेवा. तर म्हणाल्या, “सर्व्हर तुझ्याकडं आहे ना? मग मला कशाची काळजी?”

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. मी पुन्हा आग्रह केला नाही.

अजून एक गोष्ट. मॅडमची आई त्यांच्याकडंच असायची आणि तिची आठवण पार गेली होती. लेकीला ती बाई म्हणायची, कधी नर्स म्हणायची. कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम चारचौघांत हसून सांगायच्या की आज आईनं मला विचारलं, तुम्ही कुणाच्या. हसून सांगायच्या, पण एखाद्या पोराचं नाव चटकन आठवलं नाही की त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून जायचं. मी ते पाहिलेलं होतं. हे लक्षात ठेवा — मी पाहिलेलं होतं.

उन्हाळा लागला होता. तासिकेवरचे लोक चालले होते. त्यात कॉमर्सला शिकवणारी एक मुलगी होती, आशा. तिला परळीकडं नोकरी लागली, पेढे देऊन गेली. मी जेवायला उठण्याआधी काळ्या स्क्रीनवर लिहिलं — झाडू, मग आशा. एंटर. काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही, लगेच पुढची ओळ आली. मी डबा घेऊन गेलो.

कळलं ना तुम्हाला? मला नाही कळलं.

आशा या नावानं सुरू होणारं सगळं. आशा, आणि आशालता.

मॅडम तेव्हा पेपर तपासायला संभाजीनगरला गेल्या होत्या. तिकडं कामाच्या गडबडीत त्यांनी मेल पाहिली नाही. परत आल्यावर त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पर्स, खांद्यावर पदर नीट घेतलेला. म्हणाल्या, “बालाजी, माझ्या मेलमध्ये काहीच दिसेना रे. बघतोस का जरा?”

मी बघितलं. खातं होतं, पासवर्ड चालत होता. आत गेल्या काही दिवसांत आलेल्या चार फुटकळ मेल. त्याच्या मागं काही नाही. वर्षानुवर्षांचं काही नाही. फोल्डर पुसला गेला होता आणि नवं टपाल आल्यावर सर्व्हरनं मुकाट्यानं नवा कोरा फोल्डर करून घेतला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मालकानंच सगळं साफ केलंय.

दोन्ही नावं माझ्या डोळ्यांपुढं एकाखाली एक उभी राहिली. आशा. आशालता. किती वेळ लागला कळायला? ग्लासभर पाणी पिण्याइतकासुद्धा नाही. सांगितलं ना, मी कामात चांगला आहे.

बॅकअप होता. तोही माझ्याच स्क्रिप्टचा — रोज सर्व्हरची हुबेहूब नक्कल दुसऱ्या मशीनवर करायची. हुबेहूब, याचा मला अभिमान होता. इथं जे नाही ते तिथंही ठेवायचं नाही, उगाच कचरा नको. मी मॅडमच्या देखत तिकडं जाऊन पाहिलं. तिथंही कोरंच होतं.

मॅडम माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच विचारलं, “माझ्याकडून काही झालं का रे?”

इथं मी थांबतो थोडा.

बघा, त्यांनी दार उघडून दिलं होतं. त्या दारातून जायचं की नाही, हे फक्त माझ्या हातात होतं. नाही मॅडम — एवढं म्हटलं असतं तर? काय झालं असतं माझं? प्राचार्य बोलले असते. अध्यक्षांनी बोलावून घेतलं असतं. नोकरी गेली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्याशिवाय तो सर्व्हर चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. गेलं असतं ते एवढंच, की काळ्या स्क्रीनवर दोन शब्द मारून सगळं बिनचूक करणारा बालाजी गेला असता. मला तो द्यायचा नव्हता.

मी म्हणालो, “मॅडम, सर्व्हरवर सगळं बरोबर आहे. बाकी कुणाचं काही गेलेलं नाही. तुमच्याकडूनच सगळं सिलेक्ट होऊन डिलीट झालं असणार.”

त्या म्हणाल्या, “पण मी तिकडं मेल उघडलीच नाही.”

आणि मी म्हणालो, “आठवून बघा.”

हे दोन शब्द. फोल्डर पुसला ती चूक होती, चूक कुणाचीही होते, तिची कबुली द्यायला मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. हे दोन शब्द मात्र माझे आहेत. जिच्या घरात आई लेकीला ओळखत नाही, त्या बाईला मी म्हणालो, आठवून बघा. अगदी शांतपणे, मदत करणाऱ्या माणसाच्या आवाजात.

मॅडम आठवत राहिल्या. उभ्याउभ्याच. मला वाटतं, त्यांना खूप लांब जावं लागलं. मग म्हणाल्या, “बसमध्ये असताना मोबाइलवर काहीतरी उघडलं होतं बहुतेक.” मी मान हलवली. म्हणालो, तेव्हाच झालं असेल. त्यांनी खुर्ची धरली, पण बसल्या नाहीत. “मग आता?” म्हणाल्या. मी म्हणालो, आता काही करता येणार नाही. एवढं एकच वाक्य त्या दिवशी खरं बोललो.

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि झाडू उघडून स्टार काढला. प्रश्न परत घातला — पुसू का? काम चोख केलं. जुनी स्क्रिप्ट फेकली नाही; मी माझी कोणतीच जुनी स्क्रिप्ट फेकत नाही. बाजूला एका फोल्डरमध्ये ठेवली.

पुढं काय झालं म्हणता? पुढं मी आणखी चांगला ठरलो. प्राचार्यांना कुणाकडून तरी कळलं. त्यांनी मला सगळ्या स्टाफसाठी एक तास घ्यायला सांगितला — मेल चुकून डिलीट होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी. मी नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. मी तो तास घेतला. चांगला घेतला, लोक हसले, लोकांनी प्रश्न विचारले. मॅडम पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. इतिहासाचे एक सर मागून म्हणाले, आता वयोमानानं व्हायचंच असं. मॅडमही हसल्या. मी पुढची स्लाइड लावली.

त्यानंतर त्या बदलत गेल्या. म्हणजे — आधीही त्या कधी छत्री विसरायच्या, कधी चष्मा डोक्यावर ठेवून शोधायच्या. कोण करत नाही? पण आता त्यातलं एकेक मोजलं जायला लागलं. त्या स्वतःच मोजायच्या. प्रयोगशाळेला कुलूप लावून गेटपर्यंत जायच्या आणि परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. तासाचं वेळापत्रक दोघा-दोघांना विचारून घ्यायच्या. शिकवताना एखादा शब्द अडला की पूर्वी पोरांनाच विचारायच्या, काय रे तो शब्द. आता गप्प व्हायच्या. डॉक्टरांकडं गेल्या. लातूरला जाऊन मेंदूची तपासणी करून आल्या. काही निघालं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आईचं पण सुरुवातीला काही निघालं नव्हतं.”

तेव्हा तरी? हो, तेव्हाही सांगता आलं असतं. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो.

पुस्तकाचं त्यांनी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. काही पोरांनी फोटो पुन्हा पाठवले, पण कित्येकांचे नंबर बदलले होते. ज्या आज्यांनी नावं सांगितली होती, त्यातल्या काही गेल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे मॅडमचाच भरवसा उडाला होता. एखादं नाव लिहायच्या आणि म्हणायच्या, हे त्या गावचं की मीच जोडलं? असं पुस्तक कसं होणार? त्यांनी विभागप्रमुखपद सोडलं. मग स्कूटी सोडली. मग नोकरीची वर्षं बाकी असताना राजीनामा दिला. निरोपाच्या कार्यक्रमात प्राध्यापकांचे आभार मानून झाल्यावर माझं नाव घेतलं. म्हणाल्या, माझा विद्यार्थी बालाजी, यानं मला फार सांभाळून घेतलं. टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला.

माझं नाव होत गेलं. आता आसपासच्या संस्था मला बोलावतात. नव्या पोरांना मी स्क्रिप्ट लिहायला शिकवतो. स्टारबद्दल शिकवताना एक किस्सा हमखास सांगतो. एका ठिकाणी असं झालं होतं, म्हणतो, एका हुशार माणसानं नावाच्या पुढं स्टार लावला आणि दुसऱ्याच माणसाचं सगळं टपाल गेलं. पोरं विचारतात, मग त्या माणसाचं काय झालं सर? मी हसतो आणि म्हणतो, त्याचं काय होणार, तो आता जपून लिहितो. पोरांना हे आवडतं.

गेल्या वर्षी मॅडमनी फोन केला. मोबाइलवर मेल येत नव्हती. मी कॉलेजमधून थेट गेलो, लॅपटॉपची बॅग पाठीवरच होती. त्यांची आई वारली होती. दार काकांनी उघडलं — मॅडमचे मिस्टर, पाटबंधारेमधून रिटायर झालेले, गेवराईकडचे. मॅडम आतून आल्या. बारीक झाल्या होत्या, पण नजर तीच. मोबाइलचं काम किरकोळ होतं, लगेच झालं. काका म्हणाले, “बरं झालं आलास बाबा. आता हिला एकटीला मी कुठंच सोडत न्हाई. भाजीलाबी संगंच जातो आमी.”

अंगणात पायरीच्या कडेला थोडं गवत वाढलं होतं. का कोण जाणे, मी विचारलं, “मॅडम, हे कोणतं?” त्यांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. शास्त्रीय नाव सांगितलं, कूळ सांगितलं. धारूरकडे काय म्हणतात, आमच्या चकलांब्याकडे काय म्हणतात, कोणत्या महिन्यात तुरा येतो आणि जनावरं ते का सोडतात, सगळं एका दमात. एक शब्द अडला नाही. मग एकदम काकांकडं वळून म्हणाल्या, “बरोबर सांगितलं ना मी?” काकांना त्यातलं काय कळणार? ते म्हणाले, बरोबर, बरोबर.

ते मला सहन झालं नाही. मी बोललो.

म्हणालो, “मॅडम, ती मेल तुम्ही पुसली नव्हती. माझ्या स्क्रिप्टनं पुसली. दुसऱ्या एका आशाचं खातं साफ करताना तुमचं गेलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमची आठवण चांगली आहे. तेव्हाही चांगली होती.”

सगळं बोललो, काही गाळलं नाही.  मला वाटलं, मॅडम आता ओरडतील, रडतील. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि हसल्या. म्हणाल्या, “लई गुणाचा आहेस रे तू. पण माझ्यासाठी असं खोटं बोलू नको. मीच केलंय ते. मला चांगलं आठवतंय ना — बसमध्ये खिडकीशी बसले होते, मांजरसुंब्याच्या घाटात, उन्हानं स्क्रीन दिसत नव्हती, आणि अंगठा दाबला गेला. मला आठवतंय.”

काका म्हणाले, “ह्याला म्हणत्यात इद्यार्थी. स्वतःवर घेतोय बघा.”

त्यांना आठवत होतं. जे घडलंच नव्हतं ते त्यांना खिडकीसकट, उन्हासकट आठवत होतं. मी सांगितलं होतं, आठवून बघा. त्यांनी आठवलं होतं.

आता ऐका. लॅपटॉप माझ्या पाठीवर होता. त्यात जुनी झाडू जशीच्या तशी होती, स्टारसकट. ती उघडायची, दोन नावांचे दोन खोटे फोल्डर करायचे आणि मॅडमच्या समोर चालवून दाखवायची — मिनिटाचंसुद्धा काम नव्हतं. त्या शास्त्राच्या बाई. डोळ्यांनी पाहिलं असतं तर त्यांना मानावंच लागलं असतं. लोकांना करून दाखवणं हेच तर मला सगळ्यात चांगलं येतं. प्राचार्यांना दाखवलं होतं, पोरांना रोज दाखवतो.

मी बॅग पाठीवरून उतरवली नाही. म्हणालो, “नाही मॅडम, खरंच.” एकदाच, हळू. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

काकांनी चहा केला, तो घेतला. निघताना मॅडमनी परसातली सीताफळं पिशवीत घालून दिली, पिकायला आलेली वर, कच्ची खाली, दबू नयेत म्हणून मध्ये कागद. मी ती घेतली. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, कुणी दिली एवढी छान? मी मॅडमचं नाव सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली. गोड होती.

आणि रस्त्यानं परत येताना मला कसं वाटत होतं, हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. मला हलकं वाटत होतं. मी सांगून टाकलं होतं आणि कुणालाच कळलं नव्हतं.